वातरक्ताच्या रुग्णाची आधुनिक औषधे : वैद्य व औषधविक्रेते यांची जबाबदारी

वातरक्ताचा रुग्ण आमच्याकडे येतो, तेव्हा तो बहुधा औषधाची पहिली मात्रा घेण्यासाठी आलेला नसतो. मध्यरात्री पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी उठलेली असह्य कळ त्याने एकदोनदा सोसलेली असते, रक्ततपासणी करून घेतलेली असते आणि एखाद्या डॉक्टरांकडून गोळ्याही लिहून घेतलेल्या असतात. त्या गोळ्यांपैकी काही तो घेत असतो, काही त्याने आपल्या मनाने सोडलेल्या असतात, तर काही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून परस्पर आणलेल्या असतात. अशा रुग्णास आपण आपला कल्प देतो, तेव्हा तो कल्प रिकाम्या कोष्ठात जात नाही, आधीच्या औषधांच्या सोबतीस जातो. ही साधी गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेत नाही, असे आम्हास वाटते. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

काही वर्षांपूर्वीचा आमच्याच चिकित्सालयातील प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. साठी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक तीन दिवसांच्या अतिसाराची तक्रार घेऊन आले. वातरक्तासाठी ते महिनाभर आमच्याकडून गुग्गुळाचा कल्प घेत होते. जिव्हा साम, उदरात शूल, बल क्षीण. आम्ही ग्रहणीदुष्टीचा विचार करून कुटजाचा कल्प लिहिण्याच्या बेतात होतो. इतक्यात त्यांच्या पत्नीने घरातील औषधांची पिशवी टेबलावर ठेवली. तीत कोल्चिसीनच्या गोळ्या होत्या. चार महिन्यांपासून ते त्या दिवसातून दोनदा घेत होते. जुन्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसत होते. त्यातच पाच दिवसांपूर्वी खोकल्यासाठी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झाले होते. हा अतिसार व्याधीचा नव्हता, कोल्चिसीनच्या विषाक्ततेचा होता. आम्ही त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठविले. तेथे रक्तातील श्वेतपेशी घटल्याचे आढळले. सुदैवाने काही दिवसांत ते सावरले. परंतु पिशवी घरी राहिली असती, तर आम्ही स्तंभन औषध देऊन निर्धास्त झालो असतो, आणि महिनाभरात एकदाही आम्ही त्यांना ‘आणखी काय घेता?’ असे विचारलेले नव्हते.

नामसाम्याचा मोह

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २९ व्या अध्यायात वातरक्ताचे उत्तान व गंभीर असे दोन प्रकार वर्णिले आहेत. सुश्रुताचार्यांनी मात्र उत्तान हेच कालांतराने गंभीर होते, असे प्रतिपादन करून हा भेद मान्य केलेला नाही. हस्तपादांच्या मुळापासून आरंभ, वेगाने येणारी वेदना, दाह, रक्तिमा ही लक्षणे आधुनिक वैद्यकातील गाऊटशी पुष्कळ जुळतात. तथापि वातरक्त म्हणजे गाऊट असे सरसकट समीकरण मांडणे योग्य नव्हे. वातरक्ताची व्याप्ती मोठी आहे आणि गाऊट हा युरेटच्या स्फटिकांमुळे होणारा एक निश्चित विकार आहे.

याच्या उलट दुसरी चूकही नित्य घडते. तपासणीच्या कागदावर युरिक ॲसिड ७.५ दिसले की सांध्यात काहीही नसताना रुग्णावर गाऊटचा शिक्का बसतो. रक्तातील युरिक ॲसिड साधारणतः ६.८ मि.ग्रॅ. टक्क्यांच्या वर गेले की स्फटिक होण्याची शक्यता निर्माण होते, हे खरे आहे. परंतु असे प्रमाण वाढलेल्या बहुसंख्य व्यक्तींना गाऊटचा झटका कधीच येत नाही. म्हणूनच अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, लक्षणे नसताना केवळ आकडा वाढला म्हणून औषध सुरू करू नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे. उलटपक्षी ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत हा आकडा स्वाभाविकही येऊ शकतो. त्यावरून गाऊट नाही असा निष्कर्ष न काढता झटका शमल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

क्षयाच्या उपचारातील पायराझिनामाइड, रक्तदाब व शोथासाठी दिली जाणारी काही मूत्रल औषधे आणि अल्पमात्रेतील ॲस्पिरिन यांमुळेही युरिक ॲसिड वाढते. अशा रुग्णास ‘या गोळीने तुमचे युरिक ॲसिड वाढले, ती बंद करा’ असे सांगण्याचा अधिकार आपण घेऊ नये. क्षयाचे औषध मध्येच तुटणे किंवा हृदयरोग्याचे ॲस्पिरिन थांबणे हे त्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. शंका असल्यास मूळ चिकित्सकास चिठ्ठी लिहावी.

वेगकालीन औषध आणि नित्यसेवनाचे औषध

गाऊटवरील आधुनिक औषधांचे दोन वर्ग आहेत. हा भेद रुग्णास समजत नाही आणि निम्मे घोटाळे तेथूनच सुरू होतात. पहिला वर्ग झटक्याचा शोथ व वेदना शमविणारा आहे. त्यात कोल्चिसीन, वेदनाशामके व स्टेरॉइड ही औषधे येतात. दुसरा वर्ग रक्तातील युरिक ॲसिड कमी करणारा आहे. आपल्याकडे त्यात मुख्यत्वे ॲलोप्युरिनॉल व फेब्युक्सोस्टॅट ही दोन औषधे प्रचलित आहेत. पहिला वर्ग अल्पकाळासाठी असतो, दुसरा वर्ग वर्षानुवर्षे घ्यावयाचा असतो. रुग्ण नेमके उलटे करतो. वेदना थांबली म्हणून नित्याची गोळी सोडतो आणि वेदनेची गोळी महिनोन्महिने चालू ठेवतो.

युरिक ॲसिड कमी करणारे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, हेही रुग्णास आधी सांगितलेले नसते. साठलेले स्फटिक विरघळू लागले की सांध्यात पुन्हा क्षोभ होतो. म्हणूनच चिकित्सक सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत अल्पमात्रेत कोल्चिसीन किंवा अन्य शोथहर औषध देतात. रुग्णास मात्र औषधानेच रोग वाढल्यासारखे वाटते आणि तो ती गोळी फेकून आपल्याकडे येतो. अशा वेळी ‘बरे केलेत’ असे आपण म्हणालो, तर त्याचे नुकसान होते. चालू असलेली नित्याची गोळी झटक्याच्या काळातही थांबवू नये, असे आजचे मत आहे. उपचाराचे लक्ष्य सामान्यतः ६ मि.ग्रॅ. टक्क्यांच्या खाली आकडा ठेवणे हे असते. तो खाली आला म्हणून गोळी बंद केली, तर काही काळाने तो पुन्हा वर जातो.

ॲलोप्युरिनॉल : पहिले दोन महिने

ॲलोप्युरिनॉल हे साठ वर्षांच्या अनुभवाचे औषध आहे. ज्या संशोधनासाठी गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातूनच ते निर्माण झाले. बहुसंख्य रुग्णांना ते उत्तम सोसते. तथापि अत्यल्प रुग्णांत त्याची तीव्र प्रतिक्रिया उद्भवते आणि ती प्राणघातक ठरू शकते. ज्वर, सर्वांगावर पुरळ, मुखात व्रण, नेत्ररक्तिमा, कातडी सोलवटणे, कामला ही तिची लक्षणे होत. ती प्रायः पहिल्या दोन महिन्यांत दिसते. एचएलए-बी ५८:०१ हा जनुकप्रकार असणाऱ्यांत हा धोका पुष्कळ वाढतो, हे तैवानमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. आपल्याकडे ही तपासणी सरसकट केली जात नाही, म्हणून लक्षणांवर नजर ठेवणे अगत्याचे.

येथे आपला संबंध थेट येतो. अंगावर पुरळ उठलेला रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्याकडे येतो आणि आपण शीतपित्त वा रक्तदुष्टी समजून सारिवा-मंजिष्ठा योजतो. नव्याने ॲलोप्युरिनॉल सुरू झालेल्या व्यक्तीस पुरळ उठल्यास ती गोळी त्याच क्षणी थांबवावयास सांगून डॉक्टरांकडे पाठवावे. ज्वर किंवा मुखपाक सोबत असेल, तर थेट रुग्णालयात पाठवावे. औषध थांबवा असे आपण स्पष्टपणे सांगावे, अशी जी थोडी स्थळे आहेत, त्यांतील हे एक होय. पुरळ मावळल्यावर रुग्णाने ती गोळी स्वतः पुन्हा सुरू करू नये, हेही बजावून सांगावे.

हे औषध अल्पमात्रेने, म्हणजे दिवसाला १०० मि.ग्रॅ. किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याहूनही कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढविण्याची पद्धत आहे. दुकानातून परस्पर आणलेली ३०० मि.ग्रॅ.ची गोळी पहिल्याच दिवशी घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

फेब्युक्सोस्टॅट : हृदयाचा इतिहास विचारावा

हृदयविकार असलेल्या गाऊटच्या रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासात फेब्युक्सोस्टॅट घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा घालण्यास भाग पाडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दुसऱ्या मोठ्या अभ्यासात असा अधिक धोका दिसला नाही. म्हणून घबराट नको, पण हृदयरोग्यास हे औषध देण्याचा निर्णय चिकित्सकाचाच असावा, हे निश्चित. यकृतावरही त्याचा परिणाम होऊ शकत असल्याने यकृताची तपासणी वेळोवेळी व्हावी.

ॲलोप्युरिनॉल व फेब्युक्सोस्टॅट या दोहोंबाबत एक इशारा सामाईक आहे. मूत्रपिंडारोपण झालेले किंवा काही दीर्घकालीन शोथविकारांचे रुग्ण ॲझाथायोप्रिन घेत असतात. ते शरीरात ज्या मार्गाने नष्ट होते, तो मार्ग ही दोन्ही औषधे अडवितात. परिणामी अस्थिमज्जेचे कार्य खालावून प्राणसंकट ओढवते. असे दोन कागद एकाच रुग्णाच्या हातात दिसले, तर औषधविक्रेत्याने औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना दूरध्वनी करावा.

कोल्चिसीन : जेथे दोन शास्त्रांची औषधे एकत्र येतात

कोल्चिसीन हे मुळात वानस्पतिक द्रव्य आहे. पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० मध्ये ते युरोपातील कोल्चिकम वनस्पतीतून वेगळे काढले. याच कुळातील, हिमालयात होणारे सुरंजान आपल्या बाजारात येते व युनानी माजून आणि हब्बांमध्ये वापरले जाते. आपली लांगली, अर्थात कळलावी, हिच्या कंदात व बीजांतही कोल्चिसीन असते. आपल्या शास्त्राने लांगलीची गणना उपविषांत केली आहे, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या शेड्यूल ई-१ मध्येही तिचा समावेश आहे. गोमूत्रातील शोधनाने तिची तीक्ष्णता कमी होते. परंतु त्यातील कोल्चिसीन पूर्णतः नाहीसे होते, असे गृहीत धरता येत नाही.

यावरून पुढील गोष्ट उघड आहे. कोल्चिसीनची गोळी चालू असलेल्या रुग्णास सुरंजान किंवा लांगलीयुक्त कल्प पोटात देणे म्हणजे तेच द्रव्य दुसऱ्या नावाने पुन्हा देणे होय. या द्रव्याची उपयुक्त मात्रा व विषमात्रा यांत अंतर फारच थोडे आहे. वांत्या व अतिसार होईपर्यंत दर तासा-दोन तासांनी गोळी देण्याची जुनी पद्धत आता त्याज्य मानली जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात एका तासात विभागून दिलेली एकूण १.८ मि.ग्रॅ.ची अल्पमात्रा ही ४.८ मि.ग्रॅ.च्या मोठ्या मात्रेइतकीच गुणकारी ठरली आणि अतिसाराचा त्रास मात्र पुष्कळ कमी झाला.

मूत्रपिंड किंवा यकृत दुर्बल असल्यास हे द्रव्य शरीरात साचते. क्लॅरिथ्रोमायसिन, कवकनाशक किटोकोनॅझोल व इट्राकोनॅझोल, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल व डिल्टियाझेम, तसेच सायक्लोस्पोरिन यांच्या सोबतीने त्याची रक्तातील पातळी वाढते. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्याच्या मांसधातूस अपाय होऊन बलहानी, मांसशूल दिसू शकतात. विषाक्ततेची पहिली लक्षणे वांती, उदरशूल व अतिसार ही होत. पहिल्या दिवसानंतर ती कमी होऊन रुग्ण बरा झाल्याचा भास होतो आणि त्यानंतर अस्थिमज्जा, मूत्रपिंड, हृदय यांवर आघात होतो. डायलिसिसने हे विष निघत नाही. म्हणून कोल्चिसीन घेणाऱ्याचा अतिसार हा अन्यथा सिद्ध होईपर्यंत कोल्चिसीनचा समजावा आणि स्तंभन देण्यात वेळ घालवू नये, एवढा धडा आम्ही वर सांगितलेल्या प्रसंगातून घेतला.

वेदनाशामके, स्टेरॉइड आणि बिननावाच्या पुड्या

डायक्लोफिनॅक, इंडोमेथासिन, एटोरिकॉक्सिब यांसारखी वेदनाशामके झटक्यात उपयोगी पडतात. परंतु मूत्रपिंडविकार, आमाशयातील व्रण, हृदयदौर्बल्य असणाऱ्यांस व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांस ती धोक्याची आहेत. गाऊटच्या रुग्णांत रक्तदाब, मधुमेह व मूत्रपिंडविकार वारंवार आढळतात, म्हणून हा इशारा मोलाचा आहे. स्टेरॉइडचा अल्पकालीन उपयोग चिकित्सक करतात. मधुमेह्यात त्याने साखर वाढते, हे रुग्णास ठाऊक असावे.

खरा प्रश्न बिननावाच्या पुड्यांचा आहे. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइड वा वेदनाशामक मिसळलेले आढळते, ही आपल्या शास्त्राच्या नावाला लागलेली काळोखी आहे. दोन पुड्यांत चमत्कारिक उपशय, वाटोळा सुजलेला चेहरा, अकस्मात वाढलेली साखर दिसली की शंका घ्यावी. मात्र असे चूर्ण दीर्घकाळ घेणाऱ्यास ते एकदम बंद करावयास सांगू नये. शरीराची स्वतःची स्टेरॉइड निर्मिती मंदावलेली असल्याने एकाएकी बंद केल्यास गंभीर अवस्था येऊ शकते. त्यास पुडीसह डॉक्टरांकडे पाठवावे.

आपली चिकित्सा करताना

वातरक्तात विरेचन, बस्ती व रक्तमोक्षण यांचे महत्त्व आपण जाणतोच. परंतु मूत्रल औषधे, वेदनाशामके किंवा कोल्चिसीन चालू असलेल्या रुग्णास तीव्र विरेचन दिल्यास जलक्षय होऊन मूत्रपिंडावर ताण येतो व युरिक ॲसिडही वाढते. दीर्घ लंघनानेही ते वाढते. कडक उपवासानंतर झटका आलेले रुग्ण आपणा सर्वांच्या पाहण्यातील असतील. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास जळू लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व मूत्रल औषधांच्या सोबतीने रक्तातील पोटॅशियम घटते.

गुडूचीविषयीही सावध राहावे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या काही रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली व वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली होती का, असा प्रश्न उपस्थित केला. वाद कसाही मिटो. ॲलोप्युरिनॉल व फेब्युक्सोस्टॅट यांचाही यकृतावर परिणाम होऊ शकतो. म्हणून दोन्ही चालू असताना यकृताची तपासणी करून घेणे आणि आपली गुळवेल खात्रीच्या ठिकाणाहून आणणे, हे शहाणपणाचे.

औषधविक्रेत्यांस विनंती

‘युरिक ॲसिडची गोळी द्या’ असे म्हणत येणारे गिऱ्हाईक प्रत्येक दुकानात येते. ॲलोप्युरिनॉल व कोल्चिसीन ही शेड्यूल एच मधील, चिठ्ठीवरच देण्याची औषधे आहेत. जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे चालविणाऱ्या रुग्णास शेवटची तपासणी केव्हा झाली, हे विचारावे. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोन डॉक्टरांनी लिहिलेले असते, ते रुग्णाच्या ध्यानात येत नाही. दुकानदाराच्या मात्र येते. कोल्चिसीन नेणाऱ्या नित्याच्या गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीत क्लॅरिथ्रोमायसिन दिसले, तर हात आवरावा आणि डॉक्टरांना विचारावे. सुरंजानयुक्त तयार औषधे विकतानाही हाच प्रश्न करावा.

प्रत्येक रुग्णास विचारावयाचे

आमच्या चिकित्सालयात आता केसपेपरवर पुढील पाच प्रश्न छापून घेतले आहेत. घरातील सर्व गोळ्या, चूर्णे, पुड्या पिशवीसह आणल्या आहेत काय? गेल्या दोन महिन्यांत कोणते औषध नव्याने सुरू झाले? क्रिएटिनिन व यकृताची तपासणी केव्हा झाली? हृदयविकार, मूत्रपिंडविकार, व्रण, मधुमेह यांपैकी काय आहे? पुरळ, मुखपाक, अतिसार, मांसशूल यांपैकी काही नवे जाणवते काय? यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

विपरीत परिणाम आढळल्यास त्याची नोंद पाठविण्याची सोयही उपलब्ध आहे. आधुनिक औषधांसाठी गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग, तर आपल्या औषधांसाठी नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे काम पाहते. अशा नोंदीने आपल्या शास्त्राचा अवमान होत नाही, उलट त्याची विश्वासार्हता वाढते.

दुसऱ्या शास्त्राचे औषध चालू करणे अथवा बंद करणे हे आपले काम नव्हे. परंतु ते औषध रुग्णाच्या शरीरात आहे, हे जाणून घेणे मात्र निश्चितच आपले काम आहे. ते शिक्षक अद्यापही आमच्याकडे येतात. पिशवी न विसरता सोबत आणतात आणि आम्हीही ती प्रथम उघडून पाहतो, मगच नाडीस हात लावतो. वाचक वैद्य व औषधविक्रेते यांनी हा क्रम आपल्या ठिकाणी अवलंबून पाहावा, ही नम्र विनंती.